रोममधल्या स्वस्त होस्टेलात राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमला निघालेल्या ओळखीच्यांकडून आणि त्यांच्याही ओळखीच्यांकडून गेली काही वर्षं मला हेच प्रश्न येत आहेत. दरवेळी नव्याने उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. मी तिथल्या होस्टेलांमध्ये उन्हाळ्यात राहिले आहे, तशीच थंडीतही. एकटी गेले आहे आणि मैत्रिणींबरोबरही. दरांचे आकडे अंदाजासाठी घ्या, निघण्याआधी एकदा तपासा.

१. होस्टेल म्हणजे कॉलेजच्या होस्टेलसारखंच असतं का?

नाही. इथे तुम्ही खोली घेत नाही, एक पलंग घेता. चार, सहा, आठ, कधी बारा जणांच्या खोलीत वर-खाली पलंग असतात. त्यातला एक तुमचा, बाकीच्यांवर अनोळखी प्रवासी. न्हाणीघर खोलीला जोडलेलं तरी असतं किंवा मजल्यावर सामायिक. चादर-उशी बहुतेक ठिकाणी भाड्यातच येते, टॉवेल मात्र सहसा येत नाही. बहुतेक होस्टेलांत दोघा-तिघांच्या स्वतंत्र खोल्याही असतात, पण त्यांचं भाडं साध्या हॉटेलाच्या जवळपास जातं. तिघं-चौघं एकत्र असाल तर चार पलंगांची अख्खी खोली घेणं सगळ्यात फायद्याचं.

२. एका पलंगाला किती पैसे पडतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, नाताळ-नववर्षाचे दिवस सोडले तर, २०-२५ युरोंत बरा पलंग मिळतो. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच पलंग ४०-५० युरोंच्या पुढे जातो. ईस्टरच्या आठवड्यात तर आणखी वर. ऑगस्टमध्ये रोमकर स्वतःच शहर सोडून समुद्रावर जातात, त्यामुळे कधी कधी दर उतरतात. पण त्या उकाड्याचा विचार आधी करा (प्रश्न १५).

पलंगाच्या भाड्यावरून होस्टेल स्वस्त ठरवू नका. टॉवेल, कुलूप, नाश्ता, सामान ठेवणं, शहराचा कर आणि रोजचं बस-मेट्रोचं तिकीट हे सगळं मिळवा आणि मग तुलना करा. शहराबाहेरचा १८ युरोंचा पलंग स्टेशनाजवळच्या २६ युरोंच्या पलंगापेक्षा महाग पडल्याचं मी स्वतः अनुभवलं आहे.

३. सगळे पैसे ऑनलाइन भरले, तरी काउंटरवर आणखी पैसे मागितले. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, तो शहराचा मुक्काम कर आहे. इटालियनमध्ये त्याला ‘कोंत्रिबुतो दी सोज्जोर्नो’ म्हणतात. माणशी, दर रात्रीप्रमाणे तो लागतो आणि ती जागा कोणत्या वर्गात नोंदवलेली आहे त्यावर रक्कम ठरते. बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ती लिहिलेली असते. सलग १० रात्रींनंतर हा कर लागत नाही आणि १० वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. काही होस्टेलं तो रोखीतच घेतात, म्हणून खिशात सुटे युरो असू द्या. पावती मागा, ती द्यावीच लागते.

४. कुठल्या भागात राहावं? टर्मिनी स्टेशनाजवळ धोका असतो म्हणतात.

रोमची बहुतेक होस्टेलं टर्मिनी या मुख्य स्टेशनाच्या आजूबाजूलाच आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तिथेच राहायला सांगते. मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात, विमानतळाची गाडी तिथेच येते आणि कलोसियम चालत अर्ध्या तासाच्या आत आहे.

स्टेशनाच्या दोन बाजूंत मात्र फरक आहे. व्हिया मार्साला या रस्त्याच्या बाजूला, म्हणजे कास्त्रो प्रेतोरिओकडे, रस्ते सरळ आणि रात्री शांत असतात. व्हिया जोलित्तीची बाजू म्हणजे एस्क्विलिनो. तिथे बांगलादेशी, चिनी, आफ्रिकी दुकानं आहेत, स्वस्त जेवण आहे आणि दिवसभर वर्दळ असते. रात्री अकरानंतर स्टेशनाच्या अगदी भिंतीलगतचा पट्टा मला आवडत नाही, पण दोन गल्ल्या आत गेलं की नेहमीची वस्ती लागते. इथे भीती मारहाणीपेक्षा पाकीटमारीची (प्रश्न १०).

रात्रीचं फिरणं महत्त्वाचं असेल तर त्रास्तेवेरे किंवा विद्यार्थ्यांचा सान लोरेन्झो बघा. दोन्हीकडे मध्यरात्रीपर्यंत आवाज असतो, झोप हलकी असणाऱ्यांनी टाळावं.

जागा खरी आहे का हे बघायला एक सोपी खूण आहे. जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना जागा देणाऱ्या प्रत्येकाला सीआयएन नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत आणि इमारतीच्या बाहेर लावावा लागतो. तो ‘आयटी’ या अक्षरांनी सुरू होतो. जाहिरातीत क्रमांक नसेल तर दुसरी जागा शोधा.

५. विमानतळावरून होस्टेलपर्यंत सगळ्यात स्वस्त कसं जायचं?

फ्युमिचिनो या रोमच्या मुख्य विमानतळाहून बस सगळ्यात स्वस्त. साधारण ६-७ युरोंत ती टर्मिनीला सोडते, पण रहदारीत तास सहज जातो. लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी न थांबता ३२ मिनिटांत टर्मिनीला येते, तिचं तिकीट १४ युरो. तिसरा पर्याय फार कुणी सांगत नाही. एफएल१ ही साधी लोकल ८ युरोंत त्रास्तेवेरे, ओस्तियेन्से आणि तिबुर्तिना स्टेशनांवर जाते. ती टर्मिनीला जात नाही, एवढं लक्षात ठेवा. कास्त्रो प्रेतोरिओला राहणार असाल तर तिबुर्तिनाला उतरून मेट्रो बी घ्या. मेट्रोचं तिकीट १.५० युरो, म्हणजे साडेनऊ युरोंत तुम्ही होस्टेलच्या दाराशी.

लोकलचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो.

चौघं असाल तर टॅक्सीच घ्या. फ्युमिचिनोहून ऑरेलियन भिंतीच्या, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या प्राचीन तटबंदीच्या, आतल्या कुठल्याही पत्त्याला ५५ युरो ठरलेलं भाडं आहे, सामानासकट आणि चार जणांपर्यंत. चौघांची एक्स्प्रेसची तिकिटं ५६ युरोंची होतात. टर्मिनी, कास्त्रो प्रेतोरिओ, एस्क्विलिनो हे भाग भिंतीच्या आत येतात, व्हॅटिकनजवळचा प्राती आणि सान लोरेन्झो बाहेर. फक्त रांगेतली पांढरी टॅक्सी घ्या. आतल्या दालनात “टॅक्सी, टॅक्सी” म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

६. विमान रात्री उशिरा उतरतं. होस्टेल उघडं असेल का?

बुकिंग करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. मोठ्या होस्टेलांत चोवीस तास माणूस असतो. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या लहान होस्टेलांत रात्री दहा-अकरानंतर कुणी नसतं. मी एकदा रात्री एकला अशाच एका दारासमोर उभी होते. दाराचा कोड ईमेलने पाठवला आहे असं त्यांचं म्हणणं होतं, ईमेल आलेलाच नव्हता आणि फोन कुणी उचलत नव्हतं. शेवटी वरच्या मजल्यावरचे एक आजोबा कुत्र्याला फिरवून परतले, त्यांनी खालचं दार उघडलं आणि मी जिन्यात बसून सकाळ काढली. तेव्हापासून चोवीस तास काउंटर असल्याशिवाय पहिल्या रात्रीचं बुकिंग मी करत नाही.

लिओनार्दो एक्स्प्रेस रात्री साडेअकराच्या सुमारास बंद होते. मेट्रोही साडेअकराला थांबते, शुक्रवार-शनिवारी मात्र दीडपर्यंत चालते. त्यानंतर बस किंवा टॅक्सी.

७. शेंगेन व्हिसासाठी होस्टेलचं बुकिंग चालतं का?

चालतं. (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा चालणारा गट.) राहण्याची सोय दाखवायची असते, ती हॉटेलच असावी असं नाही. तीन गोष्टी पाळा. बुकिंगवर अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच असू द्या, “श्री. अमुक आणि इतर २” असं नको. प्रवासातल्या सगळ्या रात्री भरून निघू द्या, मधली एक रात्र रिकामी राहिली की प्रश्न येतो. आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, कारण व्हिसा कधी हातात पडेल ते तुमच्या हातात नसतं. न परतणाऱ्या दरात १०-१२ टक्के वाचवून सगळी रक्कम घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

खोटं बुकिंग बनवून देणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका. दूतावास होस्टेलला थेट विचारू शकतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा त्याला जोडावा लागतो.

८. काउंटरवर पासपोर्ट मागून प्रत काढतात. द्यावा का?

द्या. इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद आल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मोबाइलमधला फोटो त्यासाठी चालत नाही, मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत घ्या. “राहू दे, सकाळी देतो” हे मान्य करू नका.

यात तुमचाही फायदा आहे. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आलात तर शेंगेनमधली प्रवेशतपासणी तिथेच होते, रोमला होत नाही. अशा वेळी इटलीत आल्याचं आठ दिवसांत सरकारला कळवायचं असतं आणि होस्टेलची नोंद त्यासाठी पुरते. पुढे मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी राहायला जाणार असाल तर होस्टेलकडून त्या नोंदीची प्रत मागून जवळ ठेवा. उतरल्यापासून थेट घरीच राहणार असाल तर मात्र ही नोंद आपोआप होत नाही, पोलिसांच्या क्वेस्तुरा कार्यालयात स्वतः जावं लागतं.

९. मी एकटी मुलगी आहे. मिक्स्ड डॉर्ममध्ये राहणं सुरक्षित आहे का?

डॉर्म म्हणजे अनेक पलंगांची सामायिक खोली आणि मिक्स्ड म्हणजे पुरुष आणि स्त्रिया एकाच खोलीत. मी दोन्ही प्रकारांत राहिले आहे आणि मिक्स्ड खोलीत वाईट अनुभव आलेला नाही. तरीही पहिल्याच प्रवासात फक्त स्त्रियांची खोली घ्या, दोन-चार युरो जास्त पडले तरी. सुरक्षिततेइतकंच मोकळेपणाचंही कारण आहे. कपडे बदलायला, ओले कपडे वाळत घालायला, घरी व्हिडिओ कॉल करायला संकोच वाटत नाही.

पलंगाला पडदा असलेलं होस्टेल निवडा. खालचा पलंग हवा असेल तर आल्या आल्या मागा, बरेचदा देतात. खोलीत कुणाचा त्रास झाला तर सकाळची वाट न बघता काउंटरवर जाऊन खोली बदलून मागा. मागितल्यावर नाही म्हणाल्याचं मी पाहिलेलं नाही.

१०. सामान कुठे ठेवायचं? लॉकर पुरेसा असतो का?

कुलूप घरून न्या. बहुतेक ठिकाणी लॉकर असतो आणि कुलूप नसतं, मग तिथेच ५ युरोंना विकत घ्यावं लागतं. कडी बारीक असलेलं कुलूप घ्या, आपल्याकडचं जाड पितळी कुलूप त्या भोकात शिरत नाही. लॉकर साधारण पाठीवरच्या सॅकएवढा असतो. चाकांची मोठी बॅग बाहेरच राहते, म्हणून पासपोर्ट, पैसे, कार्ड आणि लॅपटॉप एका छोट्या सॅकमध्ये वेगळे काढून लॉकरमध्ये घाला.

खरी चोरी खोलीत कमी आणि रस्त्यावर जास्त होते. टर्मिनीची मेट्रो आणि टर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस या दोन ठिकाणी सॅक पोटावर घ्या. तिकिटाच्या मशीनवर आपणहून मदत करायला येणाऱ्याला मान हलवून नाही म्हणा.

११. पासपोर्टच हरवला तर?

आधी पोलिसांकडे जाऊन ‘देनुन्चिया’ म्हणजे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. मग भारतीय दूतावास. तो व्हिया वेंती सेत्तेंब्रे ५ या पत्त्यावर आहे, टर्मिनीहून चालत जाता येतं. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत, दोन फोटो आणि तक्रारीची प्रत बरोबर न्या. म्हणूनच प्रती आणि फोटो मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवा आणि ईमेलमध्येही ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२.

१२. संडासात पाणी असतं का?

हा प्रश्न लोक शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, पण विचारतात सगळेच. इटालियन घरांत बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं नळ असलेलं बसकं भांडं, असतोच, १९७५ च्या सरकारी नियमानेच तो घरांसाठी सक्तीचा केला. होस्टेलच्या सामायिक संडासात मात्र बरेचदा नसतो, कागदच असतो. एक लिटरची रिकामी बाटली किंवा दाबून फवारा मारायची छोटी प्रवासी बाटली बरोबर ठेवा. पाणी जमिनीवर सांडू देऊ नका, तिथे आपल्यासारखी मोरी नसते आणि पाणी तसंच साचून राहतं.

१३. होस्टेलच्या स्वयंपाकघरात आपलं जेवण करता येतं का? शाकाहारी माणसाचं निभेल का?

निभतं, आणि छान निभतं. स्वयंपाकघर आहे का ते बुकिंगआधी बघा, सगळीकडे नसतं. असलं तर भांडी, शेगडी आणि फ्रिज मिळतो. पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहा, नाहीतर साफसफाईत ती टाकून देतात. फोडणीला मात्र जपा. मी एकदा पोहे करायला घेतले. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या आणि खिडकी उघडायच्या आत धुराचा भोंगा वाजला, सगळा मजला बाहेर. आता मी तेल कमी तापवते, मिरची शेवटी घालते आणि पंखा आधी सुरू करते.

सामानासाठी पियात्सा व्हित्तोरिओजवळचा नुओवो मेर्कातो एस्क्विलिनो गाठा. पूर्वीच्या लष्करी बराकीत हा बाजार भरतो. भेंडी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, डाळी, तांदूळ, सगळं मिळतं. सकाळी जा, रविवारी बंद असतो.

बाहेर खाताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातल्या विरजणाने बनतं आणि पार्मिजानो वासराच्या. त्यामुळे पेकोरिनो घातलेला काचो ए पेपे हा पास्ता दिसायला शाकाहारी असला तरी ज्यांना हे चालत नाही त्यांनी टाळावा. सुप्ली नावाच्या भाताच्या तळलेल्या वड्यात बरेचदा मांसाचा रस्सा असतो. आणि भोपळ्याची तळलेली फुलं पाहून आपली भजी आठवतात, पण त्यांच्या पोटात मोझरेलाबरोबर अलीची हा खारवलेला मासा असतो. निश्चिंत खायचं तर पिझ्झा मारिनारा. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज मुळीच नसतं. ‘पिझ्झा अल ताल्यो’च्या दुकानात पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, हाताने दाखवाल तेवढाच घेता येतो.

पाण्यावर पैसे घालवू नका. रोमच्या रस्त्यांवर अडीच हजारांच्या आसपास ‘नासोनी’ म्हणजे नाकाडे नळ आहेत, ओतीव लोखंडाचे, रात्रंदिवस वाहणारे. पाणी पिण्याचं आहे आणि भर जुलैतही गार असतं. नळाच्या तोंडाला बोट लावून बंद करा, म्हणजे वरच्या छोट्या भोकातून पाण्याची कमान उडते आणि वाकून नीट पिता येतं.

१४. घरून खाऊ नेला तर चालेल का?

कोरडा नेला तर चालेल. चिवडा, चकल्या, भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मात्र बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा यांतलं काही बॅगेत भरू नका. ताजी फळं आणि भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, केळी-नारळासारखे मोजके अपवाद सोडून. लेकीसाठी हापूसची पेटी आणि कढीपत्ता घेऊन निघालेल्या काकूंना विमानतळावर सगळं टाकावं लागलं, तो फोन मी विसरलेले नाही.

१५. हिवाळ्यात खोली गार होती, हीटर बंद. तक्रार करावी का?

आधी वेळ बघा. इटलीत राहत्या घरांच्या इमारती तापवण्याचे दिवस आणि तास नियमाने ठरलेले आहेत आणि बरीच लहान होस्टेलं अशाच इमारतींत असतात. रोमला साधारण १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा पहाटे हीटर गार असेल तर तो होस्टेलचा कंजूषपणाच असेल असं नाही. जास्तीचं पांघरूण मागा, देतात. सकाळी आणि संध्याकाळीही गार असेल तर जरूर तक्रार करा.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे जातो. तेव्हा एसी आहे का, आणि रात्रभर चालतो का, हे दोन्ही विचारा. नुसतं ‘एसी उपलब्ध’ वाचून पैसे भरू नका.

१६. आपला चार्जर तिथे चालतो का?

मोबाइलचा दोन बारीक गोल पिनांचा चार्जर थेट बसतो. लॅपटॉपची तीन जाड पिनांची वायर बसत नाही, तिला अडॅप्टर लागतो. वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच.

१७. आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन होस्टेलात राहता येईल का?

डॉर्ममध्ये बहुतेक नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना सामायिक खोलीत घेत नाहीत आणि काही होस्टेलांत चाळिशीच्या आसपास वयाची वरची मर्यादाही असते. अट बुकिंगच्या पानावरच असते, नीट वाचा. स्वतंत्र खोली घेतली तर सहसा अडचण येत नाही.

आई-बाबांसाठी मी दुसरंच सुचवते. ‘काझा पेर फेरिए’ म्हणजे धर्मसंस्था चालवतात ती निवासं, बऱ्याचदा जुन्या मठातली. खोल्या साध्या, स्वच्छ आणि शांत. धर्म विचारत नाहीत. रात्री अकराच्या सुमारास दार बंद होतं, एवढीच अट पाळावी लागते. माझ्या आईला तिथली सकाळ सगळ्यात आवडली होती, अंगणात संत्र्याचं झाड आणि घंटेचा आवाज.

१८. ढेकणांची भीती वाटते. कसं ओळखायचं?

खोलीत गेल्यावर बॅग पलंगावर टाकू नका. आधी गादीच्या कडेची शिवण उलगडून मोबाइलच्या उजेडात बघा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर दुसरी खोली मागा, शेजारची नको, लांबची. बॅग लोखंडी मांडणीवर ठेवा. घरी परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात.

१९. शिकायला चाललोय. भाड्याची खोली मिळेपर्यंत महिनाभर होस्टेलात राहिलं तर?

पहिले आठ-दहा दिवस जरूर राहा. न बघता दूरवरून खोलीचे पैसे भरण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. सापिएन्झा विद्यापीठ कास्त्रो प्रेतोरिओच्या जवळच आहे, तिथून खोल्या बघत हिंडणं सोपं जातं. मात्र अनेक होस्टेलं सलग दहा-चौदा रात्रींपेक्षा जास्त ठेवत नाहीत, हे आधी विचारा.

दुसरी अडचण कागदांची. लांब मुदतीच्या व्हिसावर आल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’ म्हणजे वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात भरावा लागतो आणि त्यात पत्ता लागतो. होस्टेलचा पत्ता लिहायला मालक तयार आहे का, हे बुकिंगआधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. तयार नसेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी जा. खोली मिळाल्यावर पत्ता बदलल्याचं कळवायला विसरू नका, नाहीतर पुढची पत्रं जुन्याच दारावर जात राहतात.